घोट्यापासून वर

शिपायाच्या पोटरीभोवती कुणीतरी लाल गोल काढला होता. शिवकन्यानं तो सकाळी दात घासता घासता मोबाइलवर पाहिला आणि ब्रश तोंडातच राहिला. शिपाई तिचा होता. पुण्यातल्या एका कंपनीच्या युद्धाच्या गेममध्ये, पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या चिखलातून बंदूक खांद्यावर टाकून चालणारा मराठा पलटणीचा शिपाई. त्याच्या पागोट्याच्या शेवापासून बुटाच्या नालापर्यंत एकूण एक गोष्ट तिनं गेवराईतल्या भाड्याच्या खोलीत बसून संगणकावर घडवली होती. गेमचा नमुना नुकताच लोकांना खेळायला दिला होता, आणि असल्या गेमला गोळ्या झाडणारे जेवढे असतात तेवढेच बटणं तपासणारेही असतात. कुणाच्या कोटाचा खिसा चुकीच्या सालचा आहे, कुणाच्या बाटलीला बूच नाही, हे हुडकण्यात त्यांना जेवणाचीही शुद्ध राहत नाही. लाल गोलवाला त्यांतलाच, इंग्लंडातला कुणी निवृत्त शाळामास्तर. त्यानं फार सभ्यपणे लिहिलं होतं, की पायदळातला शिपाई पायपट्टी घोट्याशी सुरू करून वर गुंडाळत नेतो आणि गुडघ्याखाली बांधतो. हा शिपाई गुडघ्याखाली सुरू करून घोट्याशी संपवतो आहे, तसं घोडेस्वार करत. बाकी गणवेश उत्तम. या ‘बाकी उत्तम’नं ती जास्त पेटली, कारण उत्तम म्हणणाऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

मास्तर खोटा निघावा म्हणून तिनं आंघोळ न करता सगळं धुंडाळलं. जुन्या कवायतीच्या पुस्तकांतली चित्रं, वस्तुसंग्रहालयांतले पुतळे, मढवलेले फोटो. मास्तर खरा होता. घोट्यापासून वर, एकावर एक, कौलं चढवत न्यावीत तशा पट्टीच्या कडा खाली तोंड करून बसलेल्या आणि वर गुडघ्याखाली नाडीची गाठ. तिच्या शिपायाच्या कडा वर तोंड करून होत्या आणि गाठ घोट्याशी. हे इतकं साधं आपल्याला दिसलं कसं नाही, याचं तिला नवल वाटलं, आणि मग हळूहळू कळलं की तिनं ते पाहिलंच नव्हतं. ज्या एका फोटोवरून ती काम करत होती त्यात पलटण गुडघाभर चिखलात उभी होती. गुडघ्याखाली नुसता करडा गाळ. जिथं फोटो आंधळा झाला तिथं तिचे हात न विचारता पुढं गेले होते आणि त्यांना जे ठाऊक होतं ते भरून मोकळे झाले होते. बाकीची बटणं तिनं दहा ठिकाणी पडताळली. पाय मात्र पडताळावेत असं मनातही आलं नाही, कारण ते तिला पाठ होते.

खाली कृषी सेवा केंद्राचं शटर वर गेलं आणि औषधांचा तो घशाशी बसणारा वास जिन्यावरून चढून आला. हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या धडधडत होत्या, टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरत होता. तेवढ्यात अमरसिंह सरांचा निरोप आला. ते कंपनीत चित्रांच्या बाजूचे मुख्य. निरोपात रागावणं नव्हतं, तेच वाईट होतं. पाचला कॉल आहे, दळवी मॅडमही असतील, घाबरू नकोस, उपाय सोपा आहे, गवत वाढवू. गवत वाढवणं म्हणजे काय हे गेमवाल्यांना सांगावं लागत नाही. जे नीट जमलेलं नाही त्याच्यापुढं काहीतरी उगवायचं. नदीकाठ आहे, लव्हाळे कमरेइतके केले की पाय दिसायचं कामच नाही. आणि लव्हाळ्यात कमरेइतकी बुडालेली पलटण पुढं राहून कुणाला दिसणार, म्हणून मग ती मागं जाणार, आणि पुढं दुसरे येणार, ज्यांचे पाय बरोबर आहेत. ती पलटण पुढं दिसावी एवढ्याचसाठी तिनं वर्षभर डोकं लावलं होतं. आजवर तिनं खेळलेल्या अशा प्रत्येक गेममध्ये आपला माणूस असायचाच, पण तो पेटी उचलून मागून चालायचा, त्याचा चेहरा आणि त्याच्या शेजाऱ्याचा चेहरा एकच असायचा, आणि डोक्यावर टोपी ठेवावी तसं तयार पागोटं ठेवलेलं. तिचा शिपाई पुढं चालत होता. त्याच्या पागोट्याचे पेच त्याचे त्यानं घातलेले दिसत होते. आज संध्याकाळी पाचला तो कमरेइतक्या गवतात जाणार होता, आणि तोही तिच्याच हातानं.

पाय पाठ असण्याचं कारण होतं सिदू. तिचा बाप. उमापूरकडची ही मेंढरांमागची माणसं, दिवाळी सरली की मेंढरांचं खांड घेऊन निघायची आणि कुणाच्या मोकळ्या रानात रात्री वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावून मेंढरं बसवायची, रानाला खत, यांना धान्य. शाळेत नाव घालेपर्यंत शिवकन्या त्या खांडामागं बापाच्या पाठी चालली, आणि तेवढ्या उंचीच्या पोरीला जग म्हणून जे दिसतं ते तिला दिसलं, दोन पोटऱ्या. कुसळं आणि बोरीबाभळीचे काटे लागू नयेत म्हणून सिदू जुन्या पटक्याच्या पट्ट्या फाडून पायांना गुंडाळायचा. गुडघ्याखाली धरायची, फिरवत खाली आणायची, घोट्याशी शेव खोचायचा. काटा भरला की बसल्या जागी खालचे दोन वेढे सोडायचे, काटा काढायचा, पुन्हा गुंडाळायचं, सगळा पाय उघडायला नको. मळलेला पांढरा, त्यावर मेंढरांच्या लेंड्यांची धूळ, पावसात त्याचा येणारा ओला लोकरी वास. कंटाळा आला की ती ते वेढे मोजायची आणि दर वेळी चुकायची. पुढं ऊन किती आहे, ओढा आला का, बाप रागात आहे की मजेत, सगळं तिला त्या पायांवरून कळायचं. चेहरा नंतर आला. आजही डोळे मिटून बाप आठव म्हटलं तर तिला आधी पोटऱ्या दिसतात, आणि याची तिला कधीच लाज वाटली नाही.

लाज वाटली ती एकदाच, आणि तीही अमरसिंह सरांमुळे, त्यांचा तसा इरादा नसताना. नोकरीच्या पहिल्या बोलण्यात त्यांनी विचारलं होतं, गाव कुठलं. तिनं उमापूर म्हटल्यावर ते खुलले, मी चकलांब्याचा, मोहनरावांचा मुलगा, तू कुणाची? तिनं नाव सांगितलं. तेव्हा ते अगदी मनापासून हसून म्हणाले होते, अरे, आमच्या रानात मेंढरं बसवायचा तो सिदू? माणूस वाईट नव्हता. काम त्यांनी पारखून दिलं होतं, ओळखीनं नाही. तिनंच नंतर स्वतःला हे शंभरदा समजावलं होतं. पण ‘तो सिदू’ तिच्या कानात कुठंतरी बसून राहिला होता, आणि आज लाल गोल पाहिल्यापासून तो पुन्हा वळवळू लागला. संध्याकाळी विचारतील, हे पाय तू कुठून आणलेस. खोटं सांगायची सोय होती. फोटो अंधुक होता म्हणायचं, संपलं. गवत वाढवायचं, तेही संपलं.

तिनं शिपाई उघडला. पडद्यावर तो एकटाच उभा, हात थोडे बाजूला, कापड दुकानातल्या पुतळ्यासारखा. पायपट्टीचा थर वेगळा होता. निवडला, आणि पुसून टाकायच्या कळीवर बोट ठेवलं. बोट खाली जाईना. स्वतःवरच चिडून ती उठली, पाणी प्याली, परत बसली. पुसायचं ते कापडच होतं, तेही खरं नव्हे, आकड्यांचं. पण ते घडवताना महिनाभर ती जे सुख भोगत होती ते आता तिला उघडं पडून दिसलं. पलटणीच्या नावाखाली तिनं आपला बाप चालवला होता. मोहनरावांच्या रानाच्या बांधावरून नव्हे, तैग्रिस नदीच्या काठानं, बंदूक घेऊन, सगळ्यांच्या पुढं. आणि इंग्लंडातल्या मास्तरनं एक लाल गोल काढून बरोब्बर तेवढाच बाप हुडकून काढला होता. बरोबर करायचं म्हणजे बापाला तिथून सोडवून परत पाठवायचं. तिला एकाएकी खोलीत बसवेना. कपाटातल्या जुन्या ओढणीची लांब पट्टी फाडली, पर्समध्ये कोंबली आणि स्कूटी काढली.

खांड चकलांब्याच्या वाटेवर कापूस काढून झालेल्या एका रानात उतरलं होतं. सत्यभामा, तिची आई, तीन दगडांवर चहा ठेवून बसली होती. दिवसाढवळ्या पोरगी आलेली पाहून तिनं आधी कुणी गेलं का विचारलं, मग कुणी गेलं नाही म्हटल्यावर चहात साखर वाढवली. सिदू बाभळीखाली काठीला हनुवटी टेकून उभा होता. शिवकन्यानं त्याला खाली बसवलं, त्याच्या डाव्या पायाची पट्टी सोडली आणि स्वतःची पट्टी घोट्यावर धरली. तो गंमत पाहत राहिला. तिनं पहिला वेढा घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला तिचे हात आपोआप खाली वळले. सोडलं, परत सुरू केलं. परत हात खाली. घामाघूम झाली. इतकी वर्षं ज्या हातांच्या जोरावर पोट भरलं ते हात असे ऐकेनासे झालेले तिनं कधी पाहिले नव्हते.

“कावून उलटी बांदायलीस, माय?” सिदूनं विचारलं.

तिनं सांगितलं. गेम म्हणजे काय ते त्याला माहीत होतं, नातवंडांच्या मोबाइलवर त्यानं बंदुका ऐकल्या होत्या. शंभर वर्षांमागं आपल्याकडचे लोक पलटणीत भरती होऊन समुद्रापार गेले, त्यांना अशी बांधायला लागायची, खालून वर, आणि मी तुमच्यासारखी बांधली, म्हणून चुकलं. हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला. सिदूनं पाय इकडून तिकडून पाहिला, अर्धवट गुंडाळलेली पट्टी चाचपली. काटा मोडला तर समदी सोडावी लागंल, हे बेकार हाय, असा निकाल त्यानं आधी दिला. मग थोडा थांबला आणि एकदम हसत सुटला, खोकला लागेपर्यंत.

“मंग आपल्यातला कुनी गेलता आसंल, तर त्या गड्याला पयल्या दिशी लई शिव्या बसल्या आसत्याल बघ,” तो म्हणाला. “त्यो बी अशीच बांदून हुबा राह्यला आसंल ना. वरून खाली. त्याला तरी कुठं म्हाईत.”

शिवकन्याच्या हातातली पट्टी सुटली. सत्यभामा चहा घे म्हणत होती, एक कोकरू तिच्या चपलेचा पट्टा चघळत होतं, आणि तिला त्या रानात, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या खुंटांत, एक माणूस उभा राहिलेला दिसला. आपला बाप नव्हे. दुसराच कुणीतरी, वीसेक वर्षांचा, कुठल्याशा छावणीच्या मैदानात पहाटे रांगेत उभा, नवे कोरे कपडे अंगाला टोचणारे, आणि पायांवर पट्टी मोठ्या हौसेनं आपल्या गावच्या रीतीनं गुंडाळलेली, घरच्या हातांची ती एकच गोष्ट इथंही उपयोगी पडली म्हणून मनातून खूश झालेला. आणि समोरून हवालदार येतोय. वर्षभर तिनं याच माणसाला शोधलं होतं. त्याच्या बटणांत शोधलं, काडतुसांच्या पट्ट्यात शोधलं, पागोट्याच्या पेचांत शोधलं, आणि तो भेटला तो तिच्या चुकीत. जी चूक करून ती सकाळपासून तोंड लपवत होती तीच त्यानं पहिल्या दिवशी केली असणार. तिचे हात आता जसे दर तिसऱ्या वेढ्याला खाली वळत होते तसेच त्याचेही वळले असणार, आणि मग एक दिवस वळायचे थांबले असणार, आणि त्या दिवशी तो शिपाई झाला. फोटोत चिखलात उभा होता तो हा, शिकून झाल्यानंतरचा. त्याला बापाचे पाय चिकटवून ती त्याचं शिकणंच हिरावून घेत होती. हे कळलं तेव्हा तिला दुःख व्हायला हवं होतं, पण छाती अशी भरून आली की तिला तिथंच ओरडावंसं वाटलं. तिनं ओरडण्याऐवजी पट्टी उचलली, घोट्यावर धरली आणि वर नेली. तिसरा वेढा, चौथा, पाचवा. हात वळले नाहीत. गुडघ्याखाली गाठ मारून तिनं बापाला उभं केलं. सिदू दोन पावलं चालला, पाय आपटून पाहिला.

“घट्ट बसलीय,” तो नाइलाजानं म्हणाला. “पर मला न्हाई पायजे.” आणि सोडून आपली आपण बांधली.

परतीच्या वाटेवर तिनं स्कूटीवर मोठमोठ्यानं बोलून कॉलची तालीम केली, आणि समोरून येणाऱ्या दोन मोटरसायकलवाल्यांनी वळून पाहिलं तरी केली. पाचला पडद्यावर चौकटी उघडल्या. अमरसिंह सरांनी लव्हाळ्याचं चित्र तयारच ठेवलं होतं. दिसत होतं देखणं. हिरव्या पात्यांच्या वर नुसती पागोटी तरंगत होती. इतिहासाची बाजू बघणाऱ्या दळवी मॅडम चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, की चालेल, पण आधी मला कळू दे, हे आलं कुठून? घोडेस्वारांचा फोटो मध्ये मिसळला गेला का? तेवढीच ती फट होती. हो म्हणायचं, आणि सुटायचं.

“फोटो नव्हता,” शिवकन्या म्हणाली. “ते माझ्या वडिलांचे पाय आहेत. ते मेंढरांमागं चालतात, ते अशी बांधतात. चूक माझी आहे, सगळी. पण गवत नको.”

अमरसिंह सरांचा चेहरा चौकटीत जरासा पुढं आला. त्यांनी ते पाय पाहिले होते, लहानपणी, आपल्याच बांधावर, आणि आज इतक्या दिवसांनी ते आठवत आहेत हे तिला त्यांच्या डोळ्यांत सरळ दिसलं. तिनं थांबायचं नाही असं ठरवलंच होतं. ती सांगत गेली. पट्टी मी खालून वर नव्यानं करते, एकूण एक शिपायाची, कडेकडेनं, मास्तरला भिंग लावून बघू दे. पलटण पुढंच राहील. आणि छावणीचा जो पहिला प्रसंग आहे, जिथं भरती झालेले नवे लोक रांगेत उभे असतात, तिथं एकाची पट्टी उलटी राहू द्या. वरून खाली. हवालदार ते बघेल, त्याला झापेल, आणि तो खाली बसून नव्यानं बांधेल. खेळणाऱ्यालाही तिथंच कळेल, की ही पट्टी बांधायला शिकावं लागतं.

“याला पुरावा?” दळवी मॅडमनी विचारलं. त्यांचं कामच ते होतं.

“मी. माझ्यापुढं सगळी पुस्तकं होती, तरी माझे हात तिकडंच गेले. त्याच्यापुढं तर काहीच नव्हतं.”

दळवी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुरावा म्हणून हे मला कुठं लिहिता येणार नाही, त्या म्हणाल्या, पण असं घडलं नसेल असंही मला म्हणता येणार नाही. आणि मग, आजवर ज्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं त्या बाई खुदकन हसल्या. अमरसिंह सरांनी लव्हाळ्याचं चित्र बंद केलं. मग म्हणाले, “लव्हाळे काढून टाका. सगळे. काठ मोकळा पाहिजे.” कॉल संपता संपता त्यांनी आणखी एक विचारलं, की हवालदाराला आवाज लागेल, पुण्यातली पोरं फार गुळगुळीत बोलतात, तर तुझे वडील, सिदूआबा, ते देतील का? शिवकन्यानं विचारून सांगते म्हटलं, आणि चौकटी बंद झाल्यावर खोलीभर नाचली. खालच्या दुकानदारानं वर पाहून काठीनं छत ठोकलं. तिनं वरून दुप्पट ठोकलं.

सिदू तयार होईना. मला काय नाटकात काम करायचंय का, असं म्हणत त्यानं दोन दिवस तिला उडवून लावलं. शेवटी ती रानातच गेली, आवाज टिपायला त्याच्यापुढं मोबाइल धरला, दुसऱ्या हातात टॅबचा पडदा धरला आणि त्याला तो नवा गडी दाखवला, रांगेत छाती काढून उभा, पाय उलट्या पट्टीचे. सिदू बराच वेळ त्या पायांकडं बघत राहिला. ते कुणाचे आहेत हे त्याला सांगावं लागलं नाही. आता त्याला झापा, ती म्हणाली, तुम्ही हवालदार आहात. आयुष्यभर ह्याच्या रानातून काढ, त्याच्या बांधावर आणू नको, इथं बसव, तिथं उठव, हेच ऐकत आलेला माणूस. दुसऱ्याला झापायचं म्हणजे काय करायचं हे त्याला क्षणभर उमजलं नाही. त्यानं घसा खाकरला, पटका सारखा केला, काठी बगलेत मारली. आणि मग त्यानं असा आवाज काढला की खांडातली सगळी मेंढरं एकदम माना वर करून उभी राहिली, सत्यभामेच्या हातातून पातेलं सुटलं, आणि पलीकडच्या रानात कापूस वेचणाऱ्या बायका उठून बघायला लागल्या.

“ह्ये काय बे? मेंढरं राखाया आलास व्हय हितं? सोड ती. सोड म्हंतो. घोट्यापून घे वर.”

बोलून झाल्यावर तो आपल्याच आवाजानं दचकला आणि मग दोघं बापलेक एकमेकांकडं बघून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तो आवाज कंपनीनं जसाच्या तसा ठेवला. गेम बाजारात आला तेव्हा जगात कुठं कुठं लोकांनी तो सुरू केला, आणि पहिल्याच मैदानात, पहाटेच्या धुक्यात, उमापूरच्या सिदूनं त्यांच्यापुढच्या गड्याला दरडावलं. गडी गोंधळला, खाली बसला, त्यानं पट्टी सगळी सोडली, घोट्यावर धरली आणि वर न्यायला लागला.